मृत प्राण्यांची व्यवस्था, प्राणिसंग्रहालयातील
प्राणिसंग्रहालयात मेलेल्या प्राण्याच्या शवाची तपासणी, नोंद व विल्हेवाट लावण्याची पद्धत. भारतात प्राणिसंग्रहालय मान्यता नियम, २००९ यांनुसार प्रत्येक मृत प्राण्याचे पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून मृत्यूचे कारण नोंदवावे लागते. त्यामुळे संसर्गजन्य रोग वेळीच ओळखून इतर प्राण्यांचे रक्षण करता येते. त्यानंतर शव पुरतात किंवा जाळतात. कातडी, नखे, दात अशा अवयवांचा अवैध व्यापार रोखण्यासाठी वाघ-सिंहांची शवे जाळून नष्ट करतात. काही शवांची कातडी व सांगाडे परवानगीने अभ्यासासाठी राखतात.

अशी कातडी राखण्याची एक पद्धत म्हणजे चर्मपूरण; त्यात ती सोलून, कमावून प्राण्याच्या मापाच्या साच्यावर चढवितात. डोळे काचेचे बसवितात. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधील (बांधकाम १८७७–८४) शहाजी छत्रपती संग्रहालयात असे प्राणी मांडलेले आहेत. मात्र ते संस्थानकाळातील शिकारीचे आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नंतर अशा शिकारीला बंदी आली आणि नैसर्गिकरीत्या मेलेले प्राणीच चर्मपूरणाचा आधार ठरले. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ पासून चर्मपूरण केंद्र आहे. अशा नमुन्यांमुळे प्राणी मृत्यूनंतरही विद्यार्थ्यांना निसर्गाची ओळख करून देतो.