गोठलेल्या कुरणावरची गोड गोष्ट

पुण्याच्या जुन्या बाजारात काही वर्षांपूर्वी एका गठ्ठ्यात ‘रँच रोमान्सेस’ या अमेरिकन मासिकाचा एक अंक मला सापडला. मुखपृष्ठ गायब, कागद पिवळा पडून तुकडे होण्याच्या बेतात. मी घेतला तो केवळ विक्रेत्याने सोबत फुकट दिला म्हणून. घरी येऊन वाचला आणि हसलो. बर्फ पडलेले कुरण, एकटा काउबॉय, गावात नवी आलेली शिक्षिका, नाचाची रात्र आणि शेवटच्या परिच्छेदात एक चुंबन. झाले.

हे मासिक 1924 साली सुरू झाले आणि 1971 पर्यंत चालले. स्वस्त कागदावरच्या वेस्टर्न मासिकांपैकी बहुतेक सगळी त्याच्या आधी मिटली. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे कुणीतरी या गोष्टी पैसे मोजून वाचत होते. आज या प्रकाराला तिकडच्या पुस्तकबाजारात ‘स्वीट’ म्हणतात. प्रेम चुंबनापाशी थांबते, शेवट सुखाचा होतो, आणि नाताळच्या आवृत्तीत बर्फ व रँच हवीच. ‘मनोरंजन’ने 1909 मध्ये पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून सणाला गोड गोष्ट मागणारा वाचक आपल्याही ओळखीचा आहे. त्याला नाके मुरडणारे समीक्षकही ओळखीचे आहेत. मीही त्यांच्यातलाच होतो.

मला अडवले ते एका साध्या प्रश्नाने. या गोष्टी नाताळातच का घडतात?

उत्तर गुरांच्या वर्षभराच्या कामात आहे. वसंतात वासरांवर डाग द्यायचे, शरदात विकायची जनावरे गोळा करून रेल्वेपर्यंत हाकायची. ते झाले की मालकाला एवढी माणसे नको असत. महिना तीस-चाळीस डॉलरवर राबणाऱ्यांपैकी थोडेच हिवाळ्यात कामावर राहत. बाकीचे हिशेब घेऊन निघत. कुणी गावात दारू वाढायचे काम धरी, कुणी या रँचवरून त्या रँचवर जाऊन जेवणापुरता मुक्काम करी. दारात आलेल्याला जेवू घालायचे, अशी तिथली रीत होती. जे कामावर राहत ते दूरच्या एकाकी झोपडीत एक-दोघे मिळून हद्दीवर नजर ठेवत. नाताळातला नाच ही या माणसांना बाईचा आवाज ऐकायला मिळण्याची वर्षातली मोजकी संधी. त्यासाठी तीस-चाळीस मैल घोडा मारीत येत. तरी बायका इतक्या कमी असत की काही पुरुषांच्या दंडाला रुमाल बांधून त्यांना नाचापुरते बाई ठरवीत. या प्रकाराला ते ‘कालवडीचा डाग’ म्हणत. विनोद त्यांचाच, पण मला तो वाचून हसू आले नाही.

टेक्सासमधल्या अ‍ॅन्सन गावी 1885 साली असा एक नाच झाला. लॅरी चिटेंडन हा न्यू जर्सीहून आलेला बातमीदार. त्याने त्यावर कविता लिहिली. ती 1890 मध्ये गावच्या वर्तमानपत्रात आली आणि 1893 मध्ये त्याच्या संग्रहात. पुढे लिओनोरा बॅरेट या शिक्षिकेने 1934 साली तो नाच पुन्हा सुरू केला आणि तो अजून होतो. पुरुषांनी नाचताना टोपी काढायची, बायकांनी पँट घालून नाचायला उतरायचे नाही, हे नियमही पाळले जातात. मुळात एका रात्रीचा नाच, त्याची कविता झाली आणि कवितेवरून पुन्हा नाच! इतिहासाचा कच्चा माल म्हणून अशा लेखनाकडे का पाहायचे, हे इथे मला पहिल्यांदा उमगले.

पण सुरुवातीच्या गोष्टी आजच्याइतक्या गोड नव्हत्या. ओ. हेन्री 1882 मध्ये टेक्सासला गेला आणि ला साल परगण्यातल्या मेंढ्यांच्या रँचवर सुमारे दोन वर्षे राहिला. त्याची ‘अ चॅपरल ख्रिसमस गिफ्ट’ 1903 ची. नाताळच्या दिवशी रोझिटाचे लग्न होते, नाकारलेला जॉनी गोळ्या झाडतो आणि दरोडेखोर होतो. पुढे एका नाताळात तो सांताक्लॉजच्या वेषात नवऱ्याला मारायला येतो. रोझिटा आपल्याबद्दल चांगले बोलताना कानावर पडते आणि तो न मारताच निघून जातो. शेवटी एका मेंढपाळाने त्याला टिपल्याची बातमी येते. हीही सणाचीच गोष्ट, पण तिच्यात प्रेत आहे. नंतरच्या लेखकांनी प्रेत काढले आणि नाच ठेवला.

काढण्यासारखे बरेच होते. 1886 च्या उन्हाळ्यात गवत वाळले होते, कुरणांवर जनावरे फार झाली होती, आणि पुढचा हिवाळा असा आला की बर्फावर कडक कवच धरले. गुरांना खालचे गवत उकरता येईना. मोंटाना, वायोमिंग, डकोटात ती कुंपणांना आणि ओढ्यांना टेकून मेली. चार्ली रसेल तेव्हा मोंटानातल्या एका रँचवर काउबॉय होता. कळपाचे कसे काय, असे मालकाचे पत्र आले. त्याने उत्तरादाखल पोस्टकार्डाएवढे चित्र पाठवले: हाडे निघालेली एक गाय आणि भोवती टपलेले लांडगे. चिनुक म्हणजे बर्फ वितळवणारा ऊबदार वारा. ‘वेटिंग फॉर अ चिनुक’ हे त्या चित्राचे नाव. या तडाख्यानंतर रँचवाले हिवाळ्यासाठी गवत कापून साठवू लागले.

अशाच एका गवताच्या रानातल्या खोपटात बर्था बॉवर राहत होती. मिनेसोटाची ही मुलगी 1889 मध्ये मोंटानाला आली, काही काळ शाळेत शिकवले, 1890 मध्ये लग्न केले. तीन मुले झाली, नवऱ्याशी पटले नाही. 1898 मध्ये कुटुंब बिग सँडीला आले. मिसुरी नदीच्या उत्तरेची ही जमीन दहा वर्षे आधीपर्यंत ब्लॅकफीट, ग्रो व्हाँत्र आणि असिनिबॉइन लोकांसाठी राखीव होती. 1888 मध्ये ती त्यांच्याकडून काढून घेतली गेली. रँचवरच्या गोड गोष्टींत हे लोक अपवादानेच दिसतात, तेही धड नाही. ही गाळणी मला सगळ्यात जास्त खुपते, आणि बॉवरचे कौतुक करतानाही ती मी विसरू शकत नाही.

बिग सँडीजवळच्या त्या एकाकी खोपटाला तिने ‘उजाड खोपटे’ अशा अर्थाचे नाव दिले होते. स्वतःचे पैसे हाती असावेत म्हणून ती लिहू लागली. घरी राहायला असलेला बिल सिंक्लेअर हा काउबॉय तिच्या गोष्टींतल्या घोड्या-दोऱ्यांच्या चुका काढी, ती त्याला लिहायला शिकवी. ‘चिप ऑफ द फ्लाइंग यू’ 1904 मध्ये ‘पॉप्युलर मॅगझिन’मध्ये आली. 1905 पर्यंत ती पहिल्या लग्नातून सुटली होती आणि तिने सिंक्लेअरशी लग्न केले होते. तेही पुढे टिकले नाही.

‘चिप’ नाताळची गोष्ट नाही, पण रँचवरच्या गोड प्रेमकथेचा साचा तिथे तयार सापडतो. नायिका डेला ही रँचमालकाची बहीण, आणि ती डॉक्टर आहे! शिक्षिका नव्हे, कुणाच्या आश्रयाला आलेली अनाथ नव्हे. पगार आणि विद्या घेऊन आलेली बाई प्रेमात बरोबरीने उभी राहते, हे बॉवरला ठाऊक होते, कारण तिला स्वतःला ते मिळाले नव्हते. गोडवा म्हणजे खोटेपणा, हे माझे मत इथे मोडले. दुःख तिने गोष्टीबाहेर ठेवले, पण त्यावरचा उपाय आत ठेवला.

हिवाळाही एका जागी आत शिरला आहे. पाय दुखावून पडून राहिलेला चिप डेलाच्या कॅनव्हासवर चित्र काढतो. वासराला पाठीशी घालून लांडग्यांसमोर उभी ठाकलेली गाय. वाचक हा चिप म्हणजे रसेलच असे समजत, बॉवर ते नाकारी. 1906 च्या पुस्तकाला चित्रे मात्र रसेलचीच आहेत. गोष्टीत ते चित्र बघणारे सगळे ते डेलाचेच समजतात.

पुस्तकावर नाव छापले होते बी. एम. बॉवर. वाचक कित्येक वर्षे समजत राहिले की लेखक पुरुष आहे.