जर्बिलमधील नासा-त्वचादाह

मंगोलियन जर्बिल या पाळीव कृंतक प्राण्याच्या नाकपुड्यांभोवती होणारा त्वचाविकार. डोळ्यांमागील हार्डेरियन ग्रंथींचा पॉर्फिरिनयुक्त तांबूस स्राव नाकावाटे बाहेर येतो. निरोगी जर्बिल तो अंग साफ करताना पंजांनी पुसून टाकतो. ताण, गर्दी किंवा दमटपणा यांमुळे स्राव साचला, की त्वचेचा दाह होतो. केस झडतात, खपल्या धरतात. ही खपली सुकलेल्या रक्तासारखी दिसते, पण अतिनील प्रकाशात चमकते. पुढे स्टॅफिलोकॉकस जीवाणूंचा संसर्ग होऊन जखमा चेहरा, पंजे व पोटापर्यंत पसरू शकतात. पिंजऱ्याचे गज कुरतडल्यानेही नाकावरील केस झिजतात.

जर्बिल मूळचा कोरड्या प्रदेशातला असल्याने ५० टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत त्याची फर तेलकट होते. म्हणून पिंजरा कोरडा व हवेशीर ठेवावा, लोळण्यासाठी स्वच्छ वाळू द्यावी. देवदार व पाइनचा भुसा टाळून कागदी अंथरूण वापरावे. जखम ओली किंवा पसरती असल्यास पशुवैद्याकडे नेण्यास विलंब करू नये. माणसांची औषधे परस्पर कधीही देऊ नयेत; स्ट्रेप्टोमायसीन गटातील प्रतिजैविके जर्बिलला जीवघेणी ठरू शकतात.