नांदगाव तालुका : घरगुती पाणी व त्वचारोग

नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेतला अवर्षणप्रवण तालुका. नांदगाव व मनमाड ही त्यातली शहरे. नांदगावजवळच्या गिरणा धरणावरून (१९६९) ५६ खेडी नळपाणी योजना चालते; मनमाडची मुख्य भिस्त वागदर्डी धरणावर राहिली आहे. जिथे नळ पोचत नाही किंवा पोचूनही कोरडा राहतो, तिथे विहीर, बोअर आणि उन्हाळ्यात टँकर. आर्सेनिकयुक्त पाण्यामुळे तळहात-तळपायांवर खडे उठण्याचे जे प्रकरण १९९९ मध्ये पुढे आले, ते छत्तीसगडातील राजनांदगाव भागातले (कौडीकसा). नामसाधर्म्यामुळे गल्लत होऊ नये.

पाण्याचा जडपणा : तालुक्याखाली दख्खनचा काळा पाषाण आहे. त्यातून झिरपणाऱ्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, ही जड पाण्याची घरगुती परीक्षा. भारतीय मानकानुसार (आयएस १०५०० : २०१२) एकूण कठिणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालतो. जड पाण्यात साबणाचा न विरघळणारा चोथा होतो. तो कातडीवर राहतो, कातडी कोरडी पडते, खाज सुटते. मात्र अशा पाण्याने इसब होतो, असे ठामपणे म्हणता येत नाही. नॉटिंगहॅमच्या शाळकरी मुलांच्या पाहणीत (१९९८) तसा संबंध दिसला; पण इंग्लंडमध्येच ३३६ मुलांच्या घरी पाणी मृदू करणारी यंत्रे देऊन केलेल्या चाचणीत (२०११) इसबाला त्याचा जादा फायदा दिसला नाही. त्याच मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. त्याचा धोका मुख्यतः पिण्यातून, तोही तान्ह्या बाळांना. अंघोळीच्या पाण्यातल्या नायट्रेटला खाजेसाठी दोषी धरण्याची चाल निराधार आहे.

पाण्याचा तुटवडा : तपासणीचे कागद गुणवत्तेचे असतात, म्हणून चर्चाही गुणवत्तेचीच होते. पाण्याच्या स्रोतांच्या तपासणीवरून ग्रामपंचायतीला मिळणारे लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड आणि पाणी निर्जंतुक करायच्या टीसीएल पावडरचा साठा यांची नोंद राहते. अंघोळीला किती तांबे पाणी आले, याची राहत नाही. टंचाईत टँकरचा ग्रामीण निकष माणशी दिवसाला २० लिटर, तर जलजीवन मिशनचा (२०१९) ५५. वीस लिटरमध्ये पिणे, स्वयंपाक, भांडी झाल्यावर कपडे व अंघोळ मागे पडते. पाणी कमी पडल्याने होणारे आजार हा स्वतंत्र वर्ग डेव्हिड ब्रॅडली व सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये मांडला. त्यात खरूज धरली जाते. पण खरजेचा किडा अंगाला अंग लागून पसरतो, धुऊन जात नाही, त्यामुळे तिच्याबाबत मतभेद आहेत. पुवाच्या फोडांबाबत पुरावा भक्कम आहे : कराचीत साबणाने हात धुण्याच्या प्रयोगात (२००५) मुलांमधले असे फोड ३४ टक्क्यांनी घटले.

नारू : पाण्यातून येणारा, पण कातडीवर उघडा पडणारा हा रोग भारतात आता इतिहासजमा झाला असला, तरी त्याची नोंद सर्वांत तपशीलवार आहे. पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवून पाणी भरताना जखमेतून अळ्या पाण्यात सुटत. सायक्लॉप्स हे सूक्ष्म कवचधारी प्राणी त्या गिळत आणि त्यांच्यासह पाणी माणसाच्या पोटात जाई. सुमारे वर्षभराने बहुधा पायावर फोड येऊन मीटरभर लांबीचा जंत बाहेर पडू लागे. तो काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळून काढत. महाराष्ट्र हे देशातल्या बाधित राज्यांपैकी एक. राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रमात पायविहिरींचे कठड्याच्या विहिरींत रूपांतर, सायक्लॉप्स मारणाऱ्या टेमेफॉसची मात्रा आणि कापडाने पाणी गाळणे यांवर भर होता. शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला. जागतिक आरोग्य संघटनेने भारताला २००० मध्ये नारूमुक्त प्रमाणित केले. लस किंवा औषध नसताना, निव्वळ पाण्याची वाट बदलून गेलेला हा रोग.

गजकर्ण, नायटा : बुरशीजन्य; घाम व ओलसर कपड्यांमुळे बळावतात, पाणी हे कारण नव्हे.

पाण्यावर ठपका : तालुक्याबाहेरचे एक उदाहरण. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड आदी गावांत २०२४च्या अखेरीस लोकांचे केस अचानक गळू लागले. पहिला संशय खारपाणपट्ट्यातल्या पाण्यावर गेला. तपासणीत नायट्रेट व क्षार जास्त निघालेही. पुढे वैद्यकीय संशोधक डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले.

उपचार : खरजेवर परमेथ्रिनचे मलम, घरातल्या सर्वांना एकाच वेळी.