कापसाचा हंगाम आणि शरीराचें घड्याळ

कार्तिक उजाडला कीं यवतमाळ जिल्ह्यांतील वाटांवर कापसाच्या गाड्या दिसूं लागतात. वेचा सुरू झाला म्हणजे शेतकऱ्याला घाई, व्यापाऱ्याला घाई, आणि सरकी व रुई वेगळी करणाऱ्या जिनांना तर सर्वांहून अधिक घाई. या हंगामाचा इतिहास बहुधा भावांच्या व गठाणींच्या आंकड्यांत लिहिला जातो. आज आपण तो झोपेच्या बाजूनें पाहूं.

हातरेचा फिरविणारी बाई थकली म्हणजे थांबत असे. वाफेच्या एंजिनाला थकवा ठाऊक नव्हता, आणि रेच्यांपुढें बसणाऱ्या माणसांनाही तो नसावा असें कारखानदारांनीं गृहीत धरलें. हिंदुस्थानांतील पहिला कारखाना कायदा १८८१ सालीं झाला. परंतु शंभरांहून कमी माणसें असलेला किंवा वर्षांतून चार महिन्यांहून कमी चालणारा कारखाना त्याच्या व्याख्येंतच बसत नव्हता. आणि कापसाचा हंगाम तर आंखूडच! त्यांतून वऱ्हाड हा कागदोपत्रीं निजामाचा मुलूख. तेथें असे कायदे निराळ्या हुकुमानें लागू करावे लागत. यवतमाळ तेव्हां वणी जिल्ह्याचें मुख्य ठाणें होतें; जिल्ह्याला आजचें नांव १९०५ सालीं मिळालें. पश्चिमेकडील खानदेशांत कशी स्थिति होती, हें १८८४-८५ मध्यें मुंबई सरकारच्या चौकशी मंडळापुढें उघड झालें. तेथील जिनांत पहांटेपासून रात्रीपर्यंत काम चाले, आणि गर्दीच्या दिवसांत तर रात्र व दिवस हा भेदच उरत नसे. हें काम करणाऱ्यांत स्त्रियांचा भरणा मोठा होता.

१८९१ च्या कायद्यानें स्त्रियांचा दिवस ११ तासांचा ठरविला. १९११ च्या कायद्यानें स्त्रियांना रात्रीच्या कामाची बंदी केली खरी, पण त्याच कायद्यानें कापसाच्या जिन-प्रेसना त्या बंदींतून सूट ठेवली. जेथें रात्रपाळी खरोखर होती, तेथेंच नेमकी सूट! १९२२ च्या दुरुस्तीनें आठवड्याचे तास ६० वर आले. या सर्व कायद्यांत तासांची मोजदाद आहे आणि ती मोलाची आहे. मात्र दुपारचे अकरा तास व रात्रीचे अकरा तास शरीराच्या लेखीं एक नव्हेत, ही गोष्ट त्या काळीं शास्त्रालाही पुरती कळलेली नव्हती.

तिचा पहिला धागा मात्र जुना आहे. १७२९ सालीं द मेरां या फ्रेंच विद्वानानें लाजाळूसारखें एक रोपटें अंधारांत ठेवलें. सूर्य दिसत नसतांही त्याचीं पानें दिवसां उघडत आणि रात्रीं मिटत! माणसाचें असें घड्याळ मेंदूंत, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जेथें एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, मोहरीहूनही लहान अशा पेशीपुंजांत आहे, हें १९७२ नंतर स्पष्ट होत गेलें. त्याचा फेरा चोवीस तासांहून किंचित् मोठा असतो, आणि सकाळचा उजेड तो रोज ताळ्यावर आणतो. पेशींतील हें यंत्र चालतें कसें, याचा उलगडा फळमाशीवरील प्रयोगांतून झाला; त्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

हें घड्याळ सूर्याचें आहे, भिंतीवरचें नव्हे. १९०६ पासून देशाला एक प्रमाण वेळ मिळाली. पण यवतमाळास खरी मध्यान्ह सरासरीनें बारा वाजून सतरा मिनिटांच्या सुमारास होते. सतरा मिनिटांनीं कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. बिघडतें तें रात्र उलटी केल्यानें. पहांटेच्या तीन-चारच्या सुमारास अंगाची ऊब सर्वांत कमी होते, लक्ष ढळतें, हात चुकतो. आणि तो हात फिरत्या यंत्रापाशीं असतो. सकाळीं घरीं परतावें तर उजेड झोपेला विरोध करतो. दिवसाची झोप तुटक व तोकडी होते, मन चिडचिडें आणि उदास राहतें. जिनांतील त्या बाईला तर दळण, पाणी आणि चूल हीं वाट पाहत असणार. तिला तेवढी तरी झोप कोण देणार?

जिनांची गोष्ट येथें थांबते, पण जागरणाची थांबत नाहीं. रानडुकरें व रोही पिकांत शिरतात म्हणून या जिल्ह्यांतील शेतकरी मचाणावर जागल करतो. पांढरकवडा-राळेगांव भागांत एका वाघिणीची दहशत पसरली होती. ती नोव्हेंबर २०१८ मध्यें मारली गेली. त्या दहशतीच्या दिवसांतही राखण चुकविणें म्हणजे पीक घालविणें होतें. त्यांत ओलिताची भर पडली. शेतीपंपांची वीज कित्येक वर्षें कांहीं दिवस दिवसां, कांहीं दिवस रात्रीं, अशा फेऱ्यानें मिळत आली. दिवसां वीज मिळावी म्हणून राज्य सरकारनें २०१७ सालीं सौर कृषि वाहिनी योजना काढली. शरीराला वेळेचा एका तासाचा फरक पचविण्यास साधारण एक दिवस लागतो. दिवसाची पाळी संपून रात्रीची आली, म्हणजे फरक आठ-दहा तासांचा. शेतकऱ्याचें शरीर त्या रात्रीशीं निम्मेंशिम्में जुळतें न जुळतें, तोंच पंपाची पाळी पुन्हां दिवसावर आलेली असते.