पेढ्यांच्या खोक्यातला स्कॅनर

१७ मार्च २०२० ला साईमंदिर बंद झालं, आणि आमचं हारफुलांचं दुकानही. शिर्डीत वाढलो, पण भरदुपारी गावात कावळ्याचा आवाज ऐकू यावा अशी शांतता पहिल्यांदाच अनुभवली. रिकामा वेळ होता म्हणून आजीची पोथी स्कॅन करायला घेतली.

पोथी म्हणजे हेमाडपंतांचं, गोविंद रघुनाथ दाभोलकरांचं 'श्रीसाईसच्चरित'. १९३० साली ग्रंथरूपानं आलेलं, नऊ हजारांहून जास्त ओव्यांचं. नवी प्रत आमच्या दारापासून चार पावलांवर मिळते. पण आजीच्या प्रतीत समासाला पेन्सिलीनं तिच्या पारायणांच्या तारखा आहेत, कुठं तारखेपुढं एखादा शब्द. १९७२ च्या एका तारखेपुढं नुसतं 'पाऊस नाही'.

आधी एकदा ती एका झेरॉक्सवाल्याकडं नेली होती. त्यानं काचेवर पालथी घालून वरून तळहातानं दाबली आणि शिवण उसवली. त्याला तरी काय बोलणार? ते यंत्र सुट्या कागदासाठी बनलेलं. जुनं पुस्तक पूर्ण सपाट उघडलं की त्याची पाठ मोडतेच.

मोठ्या संस्थांनी यावर पैसा ओतून मार्ग काढला. २००० नंतर 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'नं वरून फोटो काढणारी यंत्रं लावून हजारो मराठी पुस्तकं स्कॅन केली, त्यातली पुष्कळशी आज इंटरनेट अर्काइव्हवर सापडतात (नाव रोमन लिपीत कसं लिहिलं असेल, याचा अंदाज बांधता आला तर!). गूगलनं २००४ मध्ये ग्रंथालयांशी करार केले. घरच्या माणसासाठी मात्र यात काही नव्हतं.

ते २००९ मध्ये बदललं. त्याच वर्षी शिर्डीत रेल्वे आली, आणि तिकडं अमेरिकेत डॅनियल रीट्झ या तरुणानं भंगार आणि दोन स्वस्त कॅमेऱ्यांतून पुस्तक-स्कॅनर बनवून त्याची कृती सगळ्यांसाठी इंटरनेटवर टाकली. युक्ती साधी होती. पुस्तक सपाट उघडायचंच नाही. इंग्रजी 'व्ही'सारख्या पाळण्यात अर्धवट उघडं ठेवायचं, वरून तसाच कोन केलेली पारदर्शक काच टेकवायची म्हणजे दोन्ही पानं ताठ बसतात, आणि दोन्ही बाजूंनी एकेक कॅमेरा. पुढं झूरसारख्या चिनी कंपन्यांनी टेबलावर उभे राहणारे तयार स्कॅनर आणले. त्यात पानाचा बाक लेझरच्या रेषांनी मोजून सॉफ्टवेअर तो सरळ करतं.

माझ्याकडं ना दोन कॅमेरे होते ना लेझर. पेढ्यांची खोकी होती. ती कापून पाळणा केला, फोटोफ्रेमची काच घेतली, फोन स्टुलाला बांधला. बटण दाबताना फोन हलायचा, म्हणून इअरफोनच्या आवाजाच्या बटणानं फोटो काढायला लागलो. ट्यूबलाइट काचेत चमकायची. शेवटी ती बंद करून बाजूच्या खिडकीच्या उजेडात काम केलं. कॅमेरा एकच, त्यामुळं आधी सगळी उजवी पानं, मग सगळी डावी. मध्ये एक पान निसटलं आणि पुढचे दोनशे फोटो एकेक घर सरकले.

२९ जूनला केंद्र सरकारनं ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली. त्यात मी वापरत असलेलं कॅमस्कॅनरही होतं. दुसरं अ‍ॅप घेतलं आणि पुढं चाललो. टेसरॅक्ट या फुकट सॉफ्टवेअरला मराठी अक्षरं बऱ्यापैकी ओळखता येतात; ओवीच्या शेवटचे दंड मात्र ते ११ समजायचं.

ऑगस्टमध्ये काम संपलं. पानं पांढरीशुभ्र, अक्षरं काळीकुळकुळीत. मोठ्या कौतुकानं आजीपुढं फोन धरला. तिनं बोटानं चार-पाच पानं सरकवली.

"माझ्या तारखा कुठं गेल्या रे?"

अ‍ॅपचं काळं-पांढरं फिल्टर फिकट खूण दिसली की तिला डाग समजतं आणि पुसतं. पेन्सिल त्यानं डागांत धरली होती. जुन्या अ‍ॅपातही मी तेच फिल्टर लावलेलं. मूळ रंगीत फोटो, फोनमध्ये जागा राहत नाही म्हणून, रोजच्या रोज उडवत गेलो होतो.

पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली, या वेळी रंगीत. आजी शेजारी बसून पानं उलटायची आणि तारीख आली की थांबायची. 'पाऊस नाही'पाशी तिनं बराच वेळ पान उलटलंच नाही. १६ नोव्हेंबरला, पाडव्याला, मंदिर उघडलं. तेव्हा आम्ही एकतिसाव्या अध्यायात होतो. सकाळी मी दुकान लावायला गेलो; संध्याकाळी परत आलो, तर तिनं काच पुसून ठेवली होती.