वर्गणीची वही आणि अण्णासाहेब कर्वे

१/ यवतमाळात दुर्गोत्सवाच्या वर्गणीला निघणाऱ्यांच्या हाती दोन पुस्तके असतात: यंदाचे कोरे पावतीपुस्तक आणि गतवर्षीच्या स्थळप्रती. कोणी किती दिले हे स्थळप्रत सांगते. कोणत्या दारी कोणी जावे, हे मात्र जुन्याजाणत्यांनाच ठाऊक. नोंद आणि नाते यांची हीच सांगड शंभर वर्षांपूर्वी धोंडो केशव कर्वे यांना फार कठीण परिस्थितीत घालावी लागली.

२/ कर्वे फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, आणि मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. १८९६ मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम निघाला. ज्या समाजाने पाठ फिरवली त्याच्याकडेच पैसे मागायचे होते. नाती तुटलेली असताना विश्वास कशाने मिळवावा? माझ्या मते याचे उत्तर आश्रमाच्या छापील वार्षिक अहवालांत आहे. व्यक्ती मान्य नसली तरी तिचा हिशेब तपासून पाहता येत होता.

३/ त्याच काळात अंताजी दामोदर काळे यांचा पैसा फंड होता. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा, एवढीच मागणी. पैसा निरुपद्रवी असतो, कोणीही देतो. त्यातून १९०८ मध्ये तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. विधवांच्या शिक्षणासाठी देणगी देणे मात्र पक्ष घेण्यासारखे होते.

४/ म्हणून माणसे लागत. गोदूबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले स्वतः विधवा. आश्रमासाठी गावोगाव व्याख्याने देत त्यांनी निधी जमवला. १९१८ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या, तेथे घरकाम करून राहिल्या. त्यांना पाहिल्यावर श्रोत्यांना आश्रम कशासाठी, हे निराळे सांगावे लागत नसे.

५/ १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन झाले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव मिळाले. एवढ्या रकमेनंतर पायपीट संपावयास हवी होती. पण मोठी देणगी अटींसह येते. ठाकरसींच्या निधनानंतर विश्वस्तांशी मतभेद झाले, आणि १९३६ मध्ये विद्यापीठाचे मुख्य ठिकाण पुण्याहून मुंबईस गेले. (पुणेकरांना हे अजून बोचते, असे ऐकून आहे!)

६/ तत्पूर्वी, १९२९ मध्ये, सत्तरी ओलांडलेले अण्णासाहेब युरोप, अमेरिका, जपानच्या प्रवासास निघाले. पाठोपाठ आफ्रिकेतील भारतीयांकडे गेले. १९३६ मध्येच त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. तेव्हा त्यांचे निवृत्तिवेतन महिना ७० रुपये होते. त्यातले १५ रुपये त्यांनी मंडळास लावून दिले आणि बाकीच्यासाठी, वयाच्या ७८ व्या वर्षी, ते पुन्हा घरोघर लहान वर्गण्या मागू लागले.