बांधावरच्या सल्लागाराला संघाचे बळ

कल्याण-अहिल्यानगर महामार्गावर आळेफाट्यावरून पूर्वेकडे निघाले, की थोड्याच अंतरावर जुन्नर तालुक्यातील राजुरी हे गाव लागते. कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने हा सारा परिसर बागायती झाला. कांदा, टोमॅटो, डाळिंब, ऊस, जोडीला दुधाचा धंदा आणि नारायणगावच्या बाजूला द्राक्षबागा, अशी येथील शेती आहे. नगदी पिकांच्या या पट्ट्यात गेल्या काही दशकांत एक नवा व्यावसायिक उभा राहिला. तो शासनाचा नोकर नाही, कोणत्या कंपनीचा प्रतिनिधी नाही आणि त्याचे औषधांचे दुकानही नाही. ठरलेले शुल्क घेऊन तो बांधावर येतो, पीक पाहतो आणि काय करावे व काय करू नये, हे कागदावर लिहून देतो. स्वतंत्र पीक सल्लागार अशी त्याची ओळख आहे.

त्याच्या एका चिठ्ठीवर शेतकऱ्याचे वर्ष अवलंबून असते. परंतु ती चिठ्ठी चुकीची असेल, तर वेळेत ती चूक दाखवणारा कोण, या प्रश्नाचे उत्तर एकट्या सल्लागाराजवळ नसते. व्यावसायिकांच्या संघाची गरज येथूनच सुरू होते.

स्वतंत्र म्हणजे कोणापासून?

शेतकऱ्याला सल्ला देणाऱ्यांची उणीव नाही. कृषी विभागाचे कर्मचारी आहेत, कृषी विद्यापीठे आहेत, नारायणगाव येथे ग्रामोन्नती मंडळाचे कृषी विज्ञान केंद्र आहे. त्याखेरीज गावोगावची कृषी सेवा केंद्रे आणि कंपन्यांचे प्रतिनिधी आहेत. दुकानातला सल्ला फुकट मिळतो. मात्र त्याची किंमत बाटलीच्या किमतीत मिसळलेली असते. विकणारा आणि सुचवणारा एकच असला, की एका फवारणीऐवजी दोन फवारण्या सुचवण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. स्वतंत्र सल्लागाराचे मोल नेमके येथे आहे. त्याचे उत्पन्न एकरी अथवा हंगामी शुल्कातून येते. त्यामुळे ‘या आठवड्यात काहीही फवारू नका’ असे सांगणे त्याला परवडते.

कायद्याने मात्र या व्यवसायाला अद्याप पुरते रूप दिलेले नाही. कीटकनाशके विकण्यासाठी परवाना लागतो आणि विक्रेत्यांच्या शैक्षणिक पात्रतेचेही नियम आहेत. केवळ सल्ला देणाऱ्यासाठी मात्र डॉक्टर किंवा सनदी लेखापाल यांच्यासारखी वैधानिक नोंदवही नाही. केंद्र शासनाने २००२ साली कृषी पदवीधरांसाठी ‘कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र’ ही योजना सुरू केली. हैदराबादच्या ‘मॅनेज’ या संस्थेच्या देखरेखीखाली प्रशिक्षण आणि त्याला कर्ज व अनुदानाची जोड, असे तिचे स्वरूप आहे. व्यवसाय सुरू करण्यास तिचा उपयोग होतो. परंतु तो सुरू झाल्यानंतर रोजच्या अडचणीत पाठीशी उभे राहण्याचे काम योजनेचे नव्हे. ते समव्यावसायिकांनाच करावे लागते.

एकट्याच्या मर्यादा

शेतीतील सल्ल्याला वेळेचे बंधन असते. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबाग कोवळ्या फुटीवर असताना अवकाळी पाऊस झाला, की केवड्याचा, म्हणजे डाऊनी मिल्ड्यूचा धोका एका रात्रीत वाढतो. त्या सकाळी सल्लागाराचे सर्व ग्राहक त्याला एकाच वेळी हाक मारतात. प्रत्येक प्लॉटची जात, फुटीची अवस्था आणि आधीच्या फवारण्या निराळ्या असतात; निर्णय मात्र काही तासांत द्यावा लागतो. त्याच दिवशी सल्लागार आजारी असेल, तर बागेला पर्याय नसतो.

दुसरी मर्यादा निदानाची. २०२० च्या उन्हाळ्यात जुन्नर, अकोले व संगमनेर या भागांत टोमॅटोच्या फळांवर रंगाचे वेडेवाकडे पट्टे उमटू लागले. फळ एकसारखे लाल होईना आणि व्यापारी माल घेईनात. शेतकऱ्यांनी त्याला ‘तिरंगा व्हायरस’ असे नाव दिले. नमुने बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेकडे गेले आणि तेथील तपासणीत काकडीवरील मोझॅक विषाणूसह एकाहून अधिक विषाणू आढळले. असे विषाणू कोणत्याही बुरशीनाशकाने हटत नाहीत. उपाय असतो तो रोपवाटिकेच्या स्वच्छतेचा आणि मावा, फुलकिडे, पांढरी माशी अशा वाहक किडींना आवर घालण्याचा. नुसत्या डोळ्यांनी हे ओळखणे अनुभवी माणसालाही कठीण होते. शेजारच्या तालुक्यातही हेच दिसत आहे, हे पहिल्याच आठवड्यात कळणे आणि प्रयोगशाळेचा दरवाजा ठाऊक असणे, या दोन गोष्टी अशा वेळी पुस्तकी ज्ञानापेक्षा अधिक कामाच्या ठरतात.

तिसरी मर्यादा दूरच्या बाजारपेठेची. २०१० च्या हंगामात महाराष्ट्रातून युरोपला गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागायतदारांच्या बोलण्यातील ‘सीसीसी’, या वाढनियंत्रकाचे अंश सापडले. एप्रिल छाटणीनंतर फुटींची फाजील वाढ रोखून घडनिर्मिती सुधारावी, यासाठी त्याचा वापर सर्रास होत असे. युरोपीय संघाची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम इतकी अल्प होती आणि आपल्याकडील नित्याच्या तपासणीत या रसायनाचा समावेश नव्हता. कंटेनर अडकले, दर कोसळले आणि निर्यातदारांसह बागायतदारांना मोठी झळ बसली. ज्यांनी हे रसायन सुचवले, त्यांनी ते सद्‌भावनेने, रूढ पद्धत म्हणून सुचवले होते. छाटणी एप्रिलमधली आणि तिचा परिणाम पुढच्या वर्षी परदेशातल्या प्रयोगशाळेत उमटलेला! हे अंतर एकट्याच्या नजरेच्या पलीकडचे आहे.

द्राक्षाने घालून दिलेला पाठ

परस्परांच्या आधाराने ज्ञान वाढवण्याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण द्राक्षशेतीतच सापडते. गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवार’ ही कल्पना रुजवली. कोणी गुरू नाही आणि कोणी शिष्य नाही. प्रत्येकाने आपल्या बागेत प्रयोग करावा, निरीक्षणे नोंदवावीत आणि ती इतरांपुढे मांडावीत, असे तिचे सूत्र होते. दक्षिण महाराष्ट्रातील अनेक द्राक्ष बागायतदार या देवाणघेवाणीतून घडले. ‘विपुलाच सृष्टी’ या पुस्तकातून दाभोलकरांनी हा विचार सविस्तर मांडला.

१९६० च्या दशकाच्या आरंभापासून कार्यरत असलेल्या महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाने याच देवाणघेवाणीला संस्थेचे रूप दिले. नाशिक, पुणे, सांगली व सोलापूर हे त्याचे चार विभाग. ‘द्राक्षवृत्त’ हे मासिक, वार्षिक अधिवेशन, चर्चासत्रे आणि शिवारफेऱ्या यांतून एका तालुक्यातील अनुभव दुसऱ्या तालुक्यात पोहोचू लागला. तासगाव परिसरात वसंतराव आर्वे यांच्या बागेत निवडली गेलेली ‘तास-ए-गणेश’ आणि सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथे नानासाहेब काळे यांनी निवडलेली ‘सोनाका’ या जाती बागायतदारांच्या स्वतःच्या निरीक्षणातून आल्या आणि राज्यभर पसरल्या. पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. संशोधकाचा निष्कर्ष आणि बागेतील अनुभव एका मंचावर तपासले जाण्याची सवय या पिकात जितकी रुजली, तितकी फार थोड्या पिकांत रुजली.

२०१० च्या संकटाने हेही दाखवले, की संघटन असले म्हणजे चूक होतच नाही, असे नव्हे. त्या वेळी साऱ्या यंत्रणाच गाफील राहिल्या होत्या. मात्र चूक उघड झाल्यावर ती सर्वांपर्यंत पोहोचवणे, ते रसायन तपासणीच्या यादीत आणणे आणि बागेतील रूढ पद्धत बदलणे ही कामे सुट्या माणसांना साधली नसती.

सल्लागाराला काय मिळते?

संघात सामील होण्याचा लाभ म्हणजे नवी कामे मिळणे, असा सर्वसाधारण समज आहे. कामे मिळतात, हे खरे. परंतु अधिक महत्त्वाचे लाभ निराळे आहेत.

पहिला लाभ दुसऱ्या मताचा. पान-देठ परीक्षणाचा अहवाल गोंधळात टाकणारा असेल किंवा रोगाची लक्षणे अनोळखी असतील, तर सल्ला शेतकऱ्यापर्यंत जाण्याआधी तो जाणत्या सहकाऱ्याच्या नजरेखालून जातो.

दुसरा लाभ विशेषज्ञतेचा. डाळिंबातील तेल्या रोगाचा अभ्यास असलेला सल्लागार द्राक्षाची बाग सहकाऱ्याकडे सोपवू शकतो. प्रत्येक पिकात जाणकार असल्याचा आव त्याला आणावा लागत नाही.

तिसरा लाभ सातत्याचा. आजारपण, अपघात किंवा घरातील अडचण यांमुळे भर हंगामात खंड पडला, तर नोंदी व्यवस्थित असल्यास सहकारी ते काम पुढे नेऊ शकतो.

चौथा लाभ व्यवहाराचा. शुल्क किती भेटींचे, त्यात कोणती कामे येतात, बाजार पडला तर शुल्काचे काय, हे लेखी ठरवण्याचा प्रघात संघामुळे पडतो. शुल्क घेऊन दिलेला सल्ला ग्राहक संरक्षण कायद्याच्या दृष्टीने सेवा ठरू शकतो. म्हणूनच करारपत्र, भेटीची नोंद आणि व्यावसायिक उत्तरदायित्वाचा विमा यांचे महत्त्व आहे. एकट्याला यातले बारकावे शोधत बसावे लागते. संघात त्यांचे नमुने तयार मिळतात.

पाचवा लाभ स्वातंत्र्य टिकवण्याचा. एखादे उत्पादन सुचवावे म्हणून प्रलोभन आले, तर ‘आमच्या आचारसंहितेत हे बसत नाही’ असे सांगणे एकट्याच्या नकारापेक्षा सोपे असते.

अमेरिकेत स्वतंत्र पीक सल्लागारांचा राष्ट्रीय संघ १९७८ साली स्थापन झाला आणि उत्पादनांच्या विक्रीशी बांधिलकी नसणे हा त्याच्या ओळखीचा पाया राहिला. तेथेच १९९० च्या दशकात परीक्षा आणि सततच्या शिक्षणावर आधारलेली प्रमाणित पीक सल्लागाराची पद्धत आली. ब्रिटनमध्येही अशी प्रमाणपत्रे आणि स्वतंत्र सल्लागारांचा संघ आहे. शासनाने नोंदवही उघडण्याची वाट न पाहता व्यवसायाने स्वतःच आपली कसोटी ठरवली, हा या उदाहरणांचा अर्थ.

जुन्नरला हे नवे नाही

नाणेघाटातून देशावर येणाऱ्या प्राचीन व्यापारमार्गावरील जुन्नरला व्यावसायिकांच्या संघटनाची ओळख सुमारे दोन हजार वर्षांची आहे. येथील लेण्यांतील शिलालेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान केल्याची नोंद आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे धर्मकार्यासाठी ठेव ठेवल्याचेही उल्लेख मिळतात. एकट्या कारागिराकडे कायमची ठेव कोणी ठेवत नाही; ती श्रेणीकडे ठेवली जाते, कारण माणूस गेला तरी श्रेणी राहते. आजच्या सल्लागाराच्या संघाकडून शेतकऱ्याची अपेक्षाही याहून फार वेगळी नाही.

सामील होण्यापूर्वी

प्रत्येक समूह म्हणजे संघ नव्हे. छायाचित्रे आणि निरोप फिरवणाऱ्या मोबाइलवरील गटात माहिती वेगाने पोहोचते, तितक्याच वेगाने अर्धवट उपायही पोहोचतात. त्यांची जबाबदारी मात्र कोणाकडेच नसते. काही मंचांचा खर्च कंपन्या उचलतात. तो जाहीर असेल, तर तोलून पाहता येतो. लपवलेला असेल, तर सल्ल्याचे स्वातंत्र्य तेथेच संपते. शुल्काचे दर संगनमताने वाढवणे, नवोदितांना दूर ठेवणे, स्त्री सल्लागारांना बैठकीत नावापुरते स्थान देणे हे दोषही संघांत शिरतात. सर्वांत मोठा धोका एकमताचा आहे. सगळे एकच सांगू लागले, की ‘सीसीसी’सारखी रूढी कोणालाच खटकत नाही.

म्हणून सामील होताना काही गोष्टी पाहणे हिताचे ठरते. सभासद फसलेले प्रयोगही मांडतात की केवळ यशोगाथा? प्रयोगशाळा व संशोधन केंद्रांशी नियमित संपर्क आहे काय? आर्थिक हितसंबंध जाहीर करण्याचा नियम आहे काय? तक्रार आल्यास ती ऐकण्याची व्यवस्था आहे काय? सदस्यत्वाची वर्गणी किती, यापेक्षा या प्रश्नांची उत्तरे काय मिळतात, यावर त्या संघाची किंमत ठरते.

शेतकऱ्यानेही सल्लागार नेमताना एक प्रश्न अवश्य विचारावा: ‘तुम्हाला शंका आली, तर तुम्ही कोणाला विचारता?’ ज्याच्याकडे या प्रश्नाचे ठोस उत्तर आहे, त्याच्या चिठ्ठीवर हंगाम सोपवण्यास अधिक आधार आहे.